नऊ इंच पांढरी

मुरुड, रविवार ८ डिसेंबर २०२४

वीरेश,

चार चाळण्या. लोखंडी अँगलची चौकट, पाच मिलिमीटरची जाळी, कोपरे वेल्ड करून घासलेले, हाताला कुठं टोचत नाहीत. बारा काठ्या, वीस-वीस सेंटिमीटरला लाल आणि पांढरा रंग दिलेल्या, एकाही पट्ट्याची कड वाकडी नाही. पाण्याच्या पाइपच्या मीटर बाय मीटर चौकटी दोन, सुट्या करून पिशवीत मावतात. कूलरच्या जुन्या स्टँडचं सात कप्प्यांचं रॅक. आणि एक चाक. प्लायवूडचं, व्यास त्रेसष्ट सेंटिमीटर साडेसहा मिलिमीटर, म्हणजे घेर दोन मीटर, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. त्याला दांडा आणि सायकलची घंटी लावली आहे. एका फेऱ्याला घंटी एकदा वाजते. पाचशे वेळा वाजली की एक किलोमीटर झाला.

हे सगळं मी गेल्या दोन महिन्यांत माझ्या हातानं केलं. कोणी दाखवलं नाही. वायंडिंग तरी कोणी दाखवलं होतं? जळालेल्या मोटारी उकलत, वेढे मोजत शिकलो, हे तू बघितलेलं आहेस.

आशीर्वाद वर लिहिला नाही, कारण तो बघून तू पत्र तिथंच ठेवलं असतंस. फोन तू उचलत नाहीस. तेरा वर्षांत मी चार वेळा केला, तारखा माझ्याकडे आहेत. उमरीत तुझ्या दुकानाचा पत्ता खताच्या पोत्यावरच्या शिक्क्यात मिळाला, त्यावर पाठवतोय.

काम असं. नांदेडच्या एका कॉलेजातल्या मालविका मॅडम सहा विद्यार्थी घेऊन ऑक्टोबरपासून आपल्या भागात फिरून राहिल्यात. खोदत नाहीत, नुसतं चालतात. दहा-दहा मीटरवर एक माणूस, सगळे एका रांगेत, डोळे जमिनीवर. जुन्या खापराचा तुकडा, मणी, बांगडी दिसली की पिशवीत टाकायची आणि पिशवीत चिठ्ठी घालायची. कुठल्या रानात किती खापरं, यावरून दीड-दोन हजार वर्षांमागं माणसं कुठं राहत होती ते कळतं. मी त्यात बिनपगारी आहे. शनिवार-रविवार वर्कशॉप बंद. तुझी वहिनी म्हणते, पगार असता तर हे गेलेच नसते.

गाठ पडली ती अशी. त्यांच्या जीपच्या टपावरचं कॅरिअर तुटलं म्हणून ते वर्कशॉपवर आले. वेल्डिंग करता करता मी त्यांचे नकाशे बघितले. चालायच्या ओळी सरळ नव्हत्या. मी तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मग तुम्ही चालून दाखवा." दाखवलं. चारशे मीटर चाललो आणि शेवटच्या काठीपासून वीतभर बाजूला निघालो. दुसऱ्या शनिवारपासून ओळी मीच टाकतो. पोरं मला काका म्हणतात आणि चिठ्ठीवर तारीख लिहायला विसरतात.

चाक पहिल्यांदा रानात नेलं तेव्हा घंटी ऐकून तुरीतल्या बायकांना वाटलं कुल्फीवाला आला. एकीनं पदराची गाठही सोडली.

आता मुद्दा. गेल्या रविवारी, एक तारखेला, ओळ आपल्या विहिरीच्या रानातून गेली. माझ्या विहिरीच्या रानातून. इतर रानांत चौकट टाकली तर दोन-तीन खापरं येतात. इथं त्रेचाळीस आली. पातळ, आतून काळी, बाहेरून तांबडी, नखानं वाजवली तर पितळी वाटीसारखा आवाज. शंखाच्या बांगड्यांचे सहा तुकडे. मॅडम बांधावर बसल्याच. म्हणाल्या, हे सातवाहनांच्या वेळचं आहे, या पट्ट्यात एवढं दाट कुठंच मिळालं नाही. तिथंच त्यांनी वहीत लिहिलं: स्थळ क्रमांक सतरा, शोधणारा सिद्धलिंग शिवप्पा. अहवाल छापला जाणार आहे. पुस्तकात. नववी पास माणसाचं नाव.

तुला का कळवतोय? ते रान आहे म्हणून. दुसरं काही नाही.

सिद्धलिंग


मुरुड, रविवार २९ डिसेंबर २०२४

वीरेश,

मुरुडहून उमरीला पत्र चार दिवसांत पोचतं, मी पोस्टात विचारलं. म्हणजे तुला मिळून सतरा दिवस झाले. असो.

गेल्या आठवड्यात विहिरीच्या रानात ठिबकची मोठी लाइन टाकायला दीड फूट खोल चर घेतला. मजूर जेवायला बसले तेव्हा मी चरात उतरून कडा बघितली. वरची माती राखट, भुरकट. त्यात खापरं. तिच्याखाली काळी, कुळकुळीत, आणि काळीत एकही खापर नाही. वरचा थर चार ठिकाणी मोजला: नऊ इंच, साडेआठ, नऊ, सव्वानऊ. बांधापासून पंचावन्न मीटरवर तो संपतो, सुरीनं कापल्यासारखा.

माणसं जिथं राहिली तिथं खाली चुलीची राख लागते, सारवलेली जमीन लागते, एकावर एक. इथं नऊ इंचांखाली नुसतं शेत आहे. ही माती कुणीतरी आणून पसरलेली आहे.

कुणी ते मला माहीत होतं. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. एक तारखेला मॅडम बांधावर बसल्या तेव्हा मला तू आठवलास. एक क्षणभरच. लाल ट्रॅक्टर, तुझ्या डोक्याला टॉवेल. मग मॅडमनी माझं नाव लिहिलं आणि मी विसरलो.

दोन हजार एक ते तीन, तीन उन्हाळे तू पांढरी वाहिलीस. मी तेव्हा लातूरला दुकान चालवत होतो, मी काही बघितलं नाही, नुसतं ऐकलं. मॅडमच्या विद्यार्थ्यांत इरा म्हणून एक पोरगी आहे, पुण्याची. तिला परवा पांढरी म्हणजे काय ते सांगावं लागलं: जुनं गाव बसून-उठून जी राखेची, शेणाची, पडक्या भिंतींची माती तयार होते ती. घरावरच्या मातीच्या माळवदाला चांगली आणि रानाला खतासारखी. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही लोक इतिहास शेतात टाकता. मी म्हणालो, पीक चांगलं येतं. हसली. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

अकरा साली वाटणीला अव्वानं आई म्हणून स्वतःच्या हातानं तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या. विहिरीचं रान मला निघालं, माळाचं तुला. पंचांसमोर तू म्हणालास, "रान घे अण्णा, माझी माती परत दे." सगळे हसले. मी म्हणालो, "रानात पडली ती रानाची. मोजून आणली होतीस का?"

तू म्हणालास, "मोजली न्हाई. उचलली."

तेवढं बोलून तू उठलास आणि उमरीला, बायकोच्या माहेरी गेलास. मी बरोबर बोललो असं मला तेरा वर्षं वाटत होतं.

अप्पा सांगायचे, माती गावच्या पांढरीची आहे. म्हणून काल मी चौकट घेऊन गावच्या पांढरीवर गेलो. दहा ठिकाणी टाकली. तिथली खापरं जाड, ओबडधोबड, काहींवर हिरवी झिलई. तीन-चारशे वर्षांची असतील. काळी-तांबडी एकही नाही. म्हणजे माती तिथली नाही. मग कुठली? हे फक्त तुला सांगता येतं.

मॅडमना अजून बोललो नाही. लाइन टाकून झाली आणि चर बुजवला.

सिद्धलिंग


मुरुड, रविवार १९ जानेवारी २०२५

वीरेश,

सांगितलं.

का सांगितलं तेही लिहितो. मॅडमनी यादीचा कच्चा कागद तपासायला माझ्याकडे दिला. मी तपासायला बसलो. क्रमांक चार, गावाचं नाव चुकलेलं. क्रमांक नऊ, ओढ्यापासूनचं अंतर दोनशे मीटर लिहिलंय, ते दोनशे चाळीस आहे, घंटी मी मोजली होती. क्रमांक बारा, तारीख नाही. लाल पेनानं दुरुस्त्या करत सतरावर आलो. दुसऱ्यांच्या चुका खोडायच्या आणि आपली तशीच ठेवायची, तर हातातलं पेन खाली ठेवणं बरं. शनिवारी सकाळी जीप आली तशी मॅडमना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, बुजवलेल्या चरासकट.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. म्हणाल्या, परत उघडता येईल का? लाइनला धक्का न लावता दोन मीटर उघडून दिलं. त्यांनी माझीच लाल-पांढरी काठी उभी करून फोटो काढले. मग वही काढली आणि सतरावर रेघ मारली, सरळ, पट्टीनं. म्हणाल्या, "सिद्धलिंगजी, माती कुठून आली ते कळलं तर ही खापरं कामाची. नाही कळलं तर बेवारस. मार्चला यादी बंद होते."

इरा चहा घेऊन आली. म्हणाली, काका, दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. मी तिला म्हणालो, तुझ्या पिशवीत चिठ्ठी नाही.

तिथून सरजाबाईकडे गेलो. ट्रॉली भरायला तुझ्याबरोबर तीच असायची. आता सून रानात जाते आणि ती अंगणात शेळ्यांजवळ बसते. मला बघून तिनं खाट सोडली नाही. म्हणाली, "वाट चुकलात काय अण्णा?"

मी विचारलं, वीरेशबरोबर माती भरली होती ना.

"भरली, हाव. तीन उन्हाळे. घमेल्यानं हाताची सालं निघाली."

"कुठली?"

"ते इचारू नका. तुमच्या भावानं शपथ घातली हाय. अप्पाच्या गळ्याची."

मी म्हणालो, अप्पांना जाऊन पंधरा वर्षं होत आली.

"म्हणून शपथ सुटती व्हय? ज्यानं घातली त्यानं सोडवावी." मग शेळीला ढकलत म्हणाली, "तेरा वर्सं भावाचं नाव घेतलं न्हाई. आता खापरापायी घेऊन राहिलात. लई शिकले तुम्ही."

चहा तिनं दिला नाही. पाणी दिलं.

अंदाज मला करता येईल. आपल्या गावाभोवती राखट मातीच्या जागा किती, बोटावर मोजण्याएवढ्या. पण अंदाज मी मोटारीतही करत नाही. वेढे मोजतो, मग तार घालतो. यादीत "बहुधा" लिहून मला जागा भरायची नाही.

सोबत एक पोस्टकार्ड आहे, माझा पत्ता लिहिलेलं. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. जागेचं नाव लिही आणि पेटीत टाक. कुणाची चोरून आणली असलीस तरी मला त्याचं काही नाही. हे वाक्य मी खोडणार नाही.

अव्वा बरी आहे. गुडघा धरतो.

सिद्धलिंग


मुरुड, रविवार ९ फेब्रुवारी २०२५

चि. वीरेश यास आशीर्वाद,

कार्ड मंगळवारी मिळालं. तुझं अक्षर अजून डावीकडे कलतं. तीन ओळी, सही नाही, अण्णा नाही:

"समाध्यांच्या मागून. अप्पाला गावची म्हणून सांगितलं. सरजाबाईची शपथ सुटली."

पहिल्यांदा राग आला, खरं लिहितो. पणजोबा, आजोबा, अप्पा, आपली माणसं तिथं मातीत बसवलेली आहेत, हातात इष्टलिंग देऊन. त्या पडकात कधी नांगर घातला नाही, कुणी घमेलंभर माती उचलली नाही, शेळीसुद्धा हाकलून देतात. वाटणीतही ते पडक तसंच ठेवलं, सातबाऱ्यावर दोघांची नावं. आणि तू तिथून ट्रॉल्या भरल्यास. अर्धा तास मी वर्कशॉपमध्ये काही काम केलं नाही.

मग कार्ड अव्वाला वाचून दाखवलं. मला वाटलं रडेल. ती शेंगा फोडत होती, फोडत राहिली. म्हणाली, "मला म्हाईत होतं."

कसं, विचारलं. म्हणाली, "गावच्या वाटेला तांबडा फुफाटा. ह्याच्या चपला रोज पांढऱ्या यायच्या. मी धुवायची, अप्पा उठायच्या आधी."

आणि पुढचं तुझ्यासाठी आहे, म्हणून शब्द न बदलता लिहितो. अव्वा म्हणाली, "अप्पालाबी म्हाईत होतं. एकदा मागं जाऊन बघून आले. मी म्हणलं, पोराला बोला काहीतरी. तर म्हणले, ज्याची माती हाय तो समाधीत गप बसलाय. मी कोण बोलणार?"

वीरेश, अप्पांना माहीत होतं. अप्पा गेले त्या दिवशी तू समाधीजवळ आला नाहीस, बांधावरच उभा राहिलास, त्यावरून मी तुला चार लोकांत बोललो. ते का, हे मला आता कळलं. तू उगाच तेवीस वर्षं ते मनात वागवलंस.

आता जागेचं. समाध्यांमागची ती कडा मी इतकी वर्षं बघत आलोय आणि ओढ्यानं कापलेली दरड समजत आलोय. पुढं वेडी बाभूळ, आत लोकांनी टाकलेले रानातले दगड. बाभूळ तोडली, चार मीटरभर जागेतले दगड उचलून काढले, दोन दिवस लागले. मातीला हत्यार लावलं नाही. काल मॅडमना नेलं. आधी सरजाबाईकडे जाऊन शपथ सुटल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आता दाखवते," आणि शेळ्या सुनेवर टाकून आमच्या पुढं चालायला लागली.

कडेची उंची एक मीटर बहात्तर. वरून खाली: वीस सेंटिमीटर मुळं आणि पाला. मग राख. मग सारवलेली जमीन, हातभर लांब सलग दिसते. परत राख. परत जमीन. अशा तीन जमिनी. मधल्या जमिनीवर एका मडक्याचं बूड जसंच्या तसं बसलेलं, काळं-तांबडं, विहिरीच्या रानातल्या खापरांशी जुळणारं. कुणीतरी ते ठेवून उठून गेलं आणि परत आलंच नाही, असं. मॅडमनी वाकून ते बूड जवळून बघितलं. मग म्हणाल्या, चारी बाजूचं सगळं नांगरटीत गेलंय. तुमच्या समाध्या होत्या म्हणून एवढं राहिलं.

त्यांनी एक गोष्ट विचारली ती तुला कळवायची आहे. कडेवर हात फिरवून म्हणाल्या, "हे खणलं कोणी? इतकी उभी, सरळ भिंत. आमची पोरंसुद्धा इतकी सरळ कापत नाहीत."

मी म्हणालो, "धाकट्या भावानं. त्यालाही कोणी शिकवलं नव्हतं."

सरजाबाई मागून म्हणाली, "शिकवलं न्हाई कसं? मी व्हते की."

खड्डा एकोणीस मीटर लांब, सरासरी सहा मीटर वीस सेंटिमीटर रुंद, एक मीटर सत्तर खोल. दोनशे घनमीटर झाले. आपली ट्रॉली एक ब्रासची, म्हणजे शंभर घनफुटांची होती. म्हणजे एकाहत्तर ट्रॉल्या. तू मोजल्या नव्हत्यास. मी मोजल्या.

मॅडमनी वही उघडली. सतरा क्रमांक त्यांनी रिकामा ठेवला होता, दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. शोधणारा, असं लिहून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, वीरेश शिवप्पा. त्या म्हणाल्या, आणि तुम्ही? मी म्हणालो, मागं कुठं सामानाची यादी असेल तर तिथं चाकापुढं माझं नाव घाला, आणि व्यास दशांशात बरोबर लिहा.

रानात पडली ती रानाची, असं मी पंचांसमोर म्हणालो होतो. ते चुकलं. विहिरीच्या रानातून उचललेली खापरं एकेचाळीस कापडी पिशव्यांत भरून काल नांदेडला गेली. प्रत्येक पिशवीत इरानं चिठ्ठी घातली, तारखेसकट: मूळ ठिकाण समाध्यांमागचं पडक, आणणारा वीरेश. तुझी माती परत द्यायला मला एवढंच जमलं.

महाशिवरात्र सव्वीसला आहे. अव्वानं विचारलं नाही, पण दिवस मोजून राहिलीय.

तुझा अण्णा


मुरुड, रविवार २ मार्च २०२५

चि. वीरेश यास आशीर्वाद,

शिवरात्रीला तू आला नाहीस. अव्वानं रात्री एका ताटावर ताट झाकून ठेवलं आणि सकाळी सरजाबाईला दिलं. पण गुरुवारी तुझं कार्ड आलं, या वेळी तुझ्या पैशाचं, आणि वर "अण्णा" आहे. अव्वाच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही, तरी तिनं ते दोन्ही बाजूंनी बघितलं.

तू एकच विचारलंस, चाकावर घंटी कशी वाजते. चाकाच्या कडेला एक खिळा उभा ठोकलाय. तो दर फेऱ्याला घंटीच्या पात्याला लागतो. पात्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, नाहीतर खिळा अडकतो. खिळा मी पहिल्यांदा एक सूत जास्त लांब ठेवला होता, दोन दिवसांत पातं वाकलं. तू केलंस तर आखूड ठेव. खताच्या दुकानात तुला त्याचा काय उपयोग, ते मी विचारत नाही.

यादी काल बंद झाली. सतरा पक्का आहे. मॅडम पुढच्या वर्षी पडकातल्या कडेचा नीट अभ्यास करायची परवानगी मागणार आहेत. त्यासाठी आठ चाळण्या लागतील, मी जाळी आणून ठेवली. इरा सुट्टीला घरी गेली, तिनं तिथून फोटो पाठवला: घराच्या बागेत माझ्यासारखी चौकट टाकून बसलीय. पाइप तिनं कापला तो कोपऱ्यात तिरका आहे, पण पहिल्या वेळेला चालतं.

मी बरा आहे. सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधी पडकात जाऊन येतो. त्या मधल्या जमिनीवरच्या मडक्यावर पोतं झाकून ठेवलंय, ते जागेवर आहे ना ते बघतो. अप्पांजवळ दोन मिनिटं बसतो. एवढं निवांत मला बऱ्याच दिवसांत वाटलेलं नाही.

आता एक गोष्ट राहिली. ती मागच्या पत्रात लिहायला पाहिजे होती, लिहिली नाही. तुझं कार्ड यायला आणि दयानंद कंत्राटदार यायला एकच आठवडा पडला. बाह्यवळण रस्त्याच्या भरावाला त्याला माती पाहिजे. समाध्यांचे दोन गुंठे सोडून बाकीचं बावीस गुंठे टेकाड तो उचलणार, समाध्यांना चारी बाजूंनी दगडी कट्टा बांधून देणार, स्वखर्चानं. माणूस वाईट नाही. म्हणाला, अण्णा, तिथं बाभळीशिवाय काय आहे?

वर्कशॉपचे पत्रे गळतात, ते तू बघितलेले नाहीस. बघितले असतेस तर मी किती वेळ गप्प बसलो असेन ते तुला कळलं असतं.

कागदावर दोघांच्या सह्या लागतात. माझी नसली की तुझीही वाया. म्हणजे मी तुला न विचारता तुझंही ठरवून टाकलं, अकरा साली पंचांसमोर केलं तसंच. खोड जात नाही. रागवायचं असेल तर इथं येऊन रागव, कार्डावर राग मावत नाही. अव्वा म्हणते, येताना चपला पांढऱ्या करून आलास तरी चालेल, ती आता धुणार नाही.

दयानंद म्हणाला, बाराशे ब्रास निघेल, ब्रासला सहाशे रुपये, सात लाख वीस हजार. मी म्हणालो, थांब. चाक काढलं. टेकाड लांबी-रुंदीनं फिरलो, काठ्या लावून नऊ ठिकाणी उंची घेतली, सरासरी एक मीटर ऐंशी. बाराशे नाही, चौदाशे पंधरा ब्रास. त्याला गुणाकार करून दाखवला. त्यानं कागद बघितला, मोबाइलवर पडताळला, आणि म्हणाला, बरोबर आहे, एवढे देतो. मग मी नाही म्हणालो. तो चिडला. म्हणाला, द्यायचंच नव्हतं तर मोजलं कशाला? मी म्हणालो, काय नाकारलं ते भावाला कळवायचं आहे, त्यात चूक नको.

तर कळवतो. आठ लाख एकोणपन्नास हजार. त्यातले चार लाख चोवीस हजार पाचशे तुझे होते.

तुझा अण्णा